पाऊस लागला की ईसीत रंग कटत नाही: प्लेटा बदलायच्या आधी हे बघा

ईसी म्हणजे इलेक्ट्रोकोॲग्युलेशन: रंगकामाच्या सांडपाण्यातला रंग विजेच्या जोरावर काढणारं युनिट. लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच का ते कळेल.

ईसीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याला रंग राहतो, सकाळी थोडा, दुपारी जास्त. टाकीवरचा फेस एरवी मळकट हिरवा-तपकिरी असतो. तो आता आत आलेल्या रंगाचाच दिसतो: लाल बॅच असेल तर गुलाबी, नेव्ही असेल तर जांभळा. रेक्टिफायरवर (एसीची डीसी वीज करणाऱ्या यंत्रावर) व्होल्ट चढलेले, अँपिअर पडलेले. कधी याच्या उलट, दोन्ही आकडे जागेवर आणि पाणी मात्र रंगीत. कधी पाणी सुटताना काचेसारखं असतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीत पिवळं झालेलं. विजेचं बिल फुगलेलं. आणि हे सगळं मिरग लागल्यानंतर.

मी इचलकरंजीत प्रोसेस हाउसच्या (कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या) ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटवर, सात वर्षं काढली, आता फोंड्यात राहतो. गोव्यात तिकडच्यासारखं रंगकाम नाही. कुठे तयार कपडे रंगवणारं छोटं युनिट, कुठे सूत रंगवणारे, कुठे गारमेंट वॉशिंग. पण ज्यांनी ईसी बसवली आहे त्यांचा फोन जूनमध्ये ठरलेला: "दादा, नव्या प्लेटा पाठवा." दहापैकी आठ वेळा प्लेटांचा दोष नसतो. घाटावर लिहिलेल्या मॅन्युअलला आपला पाऊस माहीत नाही, एवढंच.

ईसीत काय चालतं ते दोन ओळींत. लोखंडी प्लेटांतून डीसी करंट सोडला की धन बाजूची प्लेट विरघळून लोखंड पाण्यात उतरतं, ऋण बाजूला हायड्रोजनचे बुडबुडे निघतात आणि पाणी अल्कली होतं. दोन्ही मिळून लोखंडाचं हायड्रॉक्साइड बनतं, ते रंगाला धरतं आणि गठ्ठा होऊन वर तरंगतं किंवा खाली बसतं. एका अँपिअर-तासाला साधारण १.०४ ग्रॅम लोखंड उतरतं. त्यात घासाघीस चालत नाही. म्हणजे रंग कटायचा तर पाण्याच्या प्रत्येक लिटरला ठरावीक लोखंड मिळालं पाहिजे, आणि ते मिळाल्यावर गठ्ठा बसला पाहिजे. खालच्या सगळ्या तपासण्या या दोन गोष्टींभोवती फिरतात.

आकडे देताना माझ्यासमोर एक ठरावीक युनिट आहे: तासाला १,००० लिटर, ५० बाय ५० सेंटीमीटरच्या ११ माइल्ड स्टील प्लेटा, जाडी ६ मिलिमीटर, दोन प्लेटांत १५ मिलिमीटर फट, करंट २५० अँपिअर, रेक्टिफायर जास्तीत जास्त २४ व्होल्टचा. तुमचं युनिट वेगळं असेल तर त्या हिशेबाने बदला.

फुकटातली तपासणी: फडक्यातून गाळा

ईसीच्या तोंडाशी एक ग्लास पाणी भरा. कॉफीचा फिल्टर पेपर असेल तर उत्तम, नाहीतर जुन्या सुती पंचाची चार पदरी घडी करून त्यातून गाळा. गाळलेलं पाणी स्वच्छ आलं तर ईसीने आपलं काम केलेलं आहे, रंग गठ्ठ्यात अडकलाय आणि गठ्ठा सेटलरमध्ये (गाळ खाली बसवायच्या टाकीत) न बसता पाण्याबरोबर वाहून जातोय. मग स्लज (साचलेला गाळ) काढायचा राहिलाय का बघा, पॉलीचा (गठ्ठे एकत्र आणणाऱ्या पॉलिमरचा) डोसिंग पंप चालू आहे का बघा, आणि वॉशिंगवाल्यांनी सॉफ्टनर किंवा साबण जास्त सोडलाय का तेही विचारा, कारण साबणामुळे गठ्ठा खाली बसायचा सोडून फेसाबरोबर वर चढतो. इथे प्लेटांना हात लावायचं काहीच कारण नाही.

गाळूनही पाणी रंगीतच राहिलं तर रंग विरघळलेला आहे आणि लोखंडाने त्याला धरलेलं नाही. पुढे वाचा.

पिवळं पाणी म्हणजे रंग नव्हे

"रात्री चांगलं होतं, सकाळी परत रंग आला" अशी तक्रार असेल तर ग्लासभर पाणी उघडं ठेवून दोन तास बघत राहा. हळूहळू पिवळं होत गेलं आणि तळाला गंजासारखा गाळ बसला तर ते लोखंड आहे. प्लेटेतून लोखंड निघतं ते आधी फेरस रूपात, त्याला रंग जवळजवळ नसतो, फार तर हिरवट झाक. हवा लागली की त्याचं फेरिक होतं आणि पाणी तांबूस पिवळं दिसतं. यावर उपाय सोपा: ईसीनंतरच्या टाकीत पीएच ८ च्या आसपास आणा, अर्धा तास हवा सोडा, मग सेटलरकडे जाऊ द्या. ब्लोअरची नळी गाळाने बुजली की हे दुखणं हमखास होतं.

वेर्ण्यात एका ठिकाणी मालकीणबाई माझ्यावरच चिडल्या होत्या, "तुमचं मशीन रंग काढतं की घालतं?" त्यांच्या एअर लाइनचा व्हॉल्व्ह कोणीतरी बंद केला होता. तो उघडायला मला फोंड्याहून तीस किलोमीटर जावं लागलं.

पीएचची पट्टी

रिॲक्टिव्ह रंगाच्या (सुती कापडाच्या रंगाच्या) बाथमध्ये, म्हणजे रंगवायच्या पाण्यात, सोडा ॲश असतो, तिथलं पाणी पीएच १०-११ चं असतं. इक्वलायझेशन टँकमध्ये (सगळं सांडपाणी आधी एकत्र होतं त्या टाकीत) मिसळून आणि ॲसिड डोसिंग होऊन ते ७ च्या आसपास येऊन ईसीत शिरलं पाहिजे. ईसीत ते आपसूक थोडं वर जातं, म्हणून आत जाणारं आणि बाहेर येणारं दोन्ही पाणी मोजा. आत १० च्या वर असेल तर लोखंड उतरूनही रंग नीट धरला जात नाही. ॲल्युमिनियमच्या प्लेटा असतील तर परिस्थिती आणखी वाईट: ९ च्या पुढे ॲल्युमिनियमचं हायड्रॉक्साइड परत विरघळतं, गठ्ठाच उरत नाही आणि प्लेटा फुकट झिजतात. आत ६ च्या खाली असेल तर लोखंड फेरस रूपातच पाण्यात राहतं आणि मगाचं पिवळं प्रकरण सुरू होतं.

मीटरपेक्षा मी कागदी पट्टीच खिशात ठेवतो. पावसाळ्यात मीटरचे प्रोब दगा देतात, आणि युनिटवरचा मीटर शेवटी कधी कॅलिब्रेट केला हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

आता मुख्य गोष्ट: पाण्यातलं मीठ

साधा टीडीएस मीटर घ्या (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये), काही शे रुपयांत येतो. ईसीत शिरणाऱ्या पाण्यात बुडवा आणि आकडा वहीत लिहा. ही वही ज्याच्याकडे आहे त्याला मला फोन करायची वेळ सहसा येत नाही.

मे महिन्यात आपल्याकडे पाण्याची ओढ असते, धुणी कमी पाण्यात उरकतात, किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी मचूळ होतं, आणि रंगाच्या बाथमधलं मीठ फारसं पातळ न होता टाकीत येतं. टीडीएस २,३०० च्या आसपास दिसतो. एवढ्या खारट पाण्यातून २५० अँपिअर ढकलायला पाच-सहा व्होल्ट पुरतात. जुलैत त्याच टाकीत मीटर ४५० दाखवतो. आता तोच करंट ढकलायला वीसच्या पुढे व्होल्ट लागतात. पाच-सहा व्होल्टला हजार लिटरमागे दीड युनिट वीज जात होती, ती आता पाच युनिटच्या वर जाते. बिल का फुगलं त्याचं उत्तर इथे आहे. आणि टीडीएस ३०० वर आला की रेक्टिफायर २४ व्होल्टला जाऊन टेकतो, पुढे चढू शकत नाही, करंट घसरून १८०-१९० वर येतो. लोखंड त्याच प्रमाणात कमी, रंग तसाच.

हे पावसाचं पाणी येतं कुठून? टाकी उघडी असेल तर थोडं तिथून. चार मीटर बाय तीन मीटर टाकीवर दिवसभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १,२०० लिटर. जुलैत असा दिवस आपल्याला नवा नाही. पण खरा चोर पत्र्याच्या पन्हळीत असतो. शंभर चौरस मीटर पत्रा त्याच पावसात १०,००० लिटर पाणी खाली टाकतो.

कुंडईला एका युनिटमध्ये दोन महिन्यांत दोनदा प्लेटा बदलून झाल्या होत्या. मी गेलो तेव्हा पाऊस धो-धो चालू होता, म्हणून आत न जाता शेडच्या मागच्या बाजूला वळचणीला उभा राहिलो. समोर पन्हळीचा उभा पाइप. खालचा एल्बो निखळलेला, आणि पाण्याची मनगटाएवढी धार सरळ रंगाच्या गटाराच्या चेंबरवर. चेंबरचं झाकण अर्धं सरकलेलं. गटारातलं लालभडक पाणी त्या धारेखाली बघता बघता फिकट गुलाबी होत होतं. पिढ्यान्पिढ्या नेसली जाणारी तांबड्या चौकडीची कुणबी साडी असते ना, तसल्या सुताचं काम होतं ते. ऐंशी रुपयांचा एल्बो. जुन्या प्लेटा भंगारात पडल्या होत्या, मी व्हर्नियर लावून बघितला: पाच मिलिमीटरच्या वर.

इथे एक शंका दर वेळी येते: पाणी पातळ झालं म्हणजे रंगही पातळ झाला, मग त्रास का? रंग तेवढाच आहे, फक्त जास्त पाण्यात पसरलाय. टाकी भरत आली की ऑपरेटर घाबरून व्हॉल्व्ह उघडतो. एकीकडे करंट पडलेला, दुसरीकडे पाणी पळतंय.

म्हणून लगेच बादली आणि मोबाइलचं घड्याळ घ्या. ईसीच्या बाहेरच्या पाइपखाली वीस लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते मोजा. तासाला १,००० लिटर असेल तर ७२ सेकंद लागायला हवेत. ४८ सेकंदांत भरली तर प्रवाह दीडपट झालाय, आणि २५० अँपिअर चालू असूनसुद्धा हजार लिटरला २६० ग्रॅमऐवजी १७५ ग्रॅमच्या आतच लोखंड मिळतंय. व्होल्ट-अँपिअर जागेवर आणि पाणी रंगीत, हे जे लक्षण वर सांगितलं, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

उपाय याच क्रमाने करा: पन्हळ वळवा, चेंबरची झाकणं नीट बसवा, टाकीवर पत्रा टाका, व्हॉल्व्ह जागेवर आणा. एवढं करूनही टीडीएस कमी राहिला तर साधं मीठ घाला. हजार लिटरला अर्धा किलो मीठ टाकलं की टीडीएस सुमारे ५०० ने वाढतो. मिठातल्या क्लोराइडचा आणखी एक फायदा म्हणजे प्लेटेवर धरलेला ऑक्साइडचा पापुद्रा ते फोडतं. ज्यांच्या बाथमध्ये फक्त ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट, त्यात क्लोराइड नाही) असतं त्यांच्या प्लेटांवर हा पापुद्रा लवकर धरतो, त्याचं हे एक कारण. पण हात राखून. ईसी रंग काढते, मीठ काढत नाही. घातलेलं मीठ शेवटपर्यंत पाण्यातच राहतं आणि कापड उद्योगाच्या निकषांत टीडीएसची मर्यादा २,१०० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. तुमच्या संमतीपत्रातला (प्रदूषण मंडळाने दिलेल्या परवान्यातला) आकडा काय आहे तो आधी काढून बघा.

सांधे

पाणी ठीक, प्रवाह ठीक, तरी व्होल्ट जास्त आणि अँपिअर कमी. आता बसबार (करंट वाहणारी धातूची पट्टी) आणि लग (केबलच्या टोकाची कडी) बघायचे. खारी हवा, त्यात चार महिने दमट. तांब्याच्या लगवर हिरवी भुकटी धरते आणि नटाखाली जाऊन बसते. बाहेरून सांधा घट्टच दिसतो.

मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून, युनिट चालू असताना, एक टोक बसबारवर आणि दुसरं प्लेटेच्या कानावर लावा. हातात अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ नको, पायात रबरी बूट हवेत, आणि दोन्ही टोकं एकाच ध्रुवाच्या बाजूला. चांगल्या सांध्यावर दहा-वीस मिलिव्होल्ट दिसतात. एखाद्यावर अर्धा-एक व्होल्ट दिसला तर तोच गुन्हेगार. मुख्य सांध्यावर २५० अँपिअर वाहतात, तिथे दोन व्होल्ट पडले तर ५०० वॉटची शेगडी पेटली असं समजा. इन्सुलेशन तपकिरी झालं असेल, जवळ गेल्यावर भाजक्या प्लास्टिकचा वास येईल. चालू असताना हाताने चाचपून बघू नका.

मेन बंद करा, ब्रेकरला कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. सांधा खोला, पितळी ब्रशने लखलखीत होईपर्यंत घासा, पुसा, स्प्रिंग वॉशर नवा घाला, आवळा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. मेच्या शेवटी एकदा आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी एकदा, एवढं पुरतं.

शेवटी प्लेटा

चवथीला पाच-सात दिवस युनिट बंद आणि प्लेटा रंगाच्या पाण्यात तशाच बुडवून गावाला गेले, ही चूक मी किती ठिकाणी बघितली असेल. परत येईतो त्यांच्यावर ऑक्साइडचं आणि क्षारांचं कवच. सुट्टीआधी टाकी रिकामी करून प्लेटा साध्या पाण्याने धुऊन कोरड्या ठेवा, बस.

कवच धरलंच असेल तर मेन बंद आणि कुलूपबंद करून प्लेटा बाहेर काढा. बाजारातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड एक भाग, पाणी दहा भाग. पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी नाही. दहा-पंधरा मिनिटं बुडवा, नायलॉन ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा. ॲल्युमिनियमला ॲसिड पटकन खातं, तिथे दोन-तीन मिनिटांत काढा. चष्मा, हातमोजे आणि उघडी हवा लागतेच. वॉशिंगवाल्यांकडे हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) आणि हायड्रोचे (सोडियम हायड्रोसल्फाइटचे) डबे असतात, ते आधी लांब न्या. ॲसिड हायपोला लागलं तर क्लोरीन सुटतो, हायड्रोला लागलं तर सल्फर डायऑक्साइड, दोन्ही जीवघेणे. वापरलेलं ॲसिड चुन्याने मारून इक्वलायझेशन टँकमध्ये जाऊ द्या.

धुताना प्लेटांची जाडी मोजा. २५० अँपिअरवर आठ तासांत दोन किलोच्या वर लोखंड पाण्यात जातं, तेव्हा प्लेटा झिजणारच, ते त्यांचं कामच आहे. सहाच्या तीन मिलिमीटर झाल्या की बदला. पण एक आड एक प्लेट पातळ आणि मधल्या जाड असतील तर ध्रुव उलटणं बंद पडलंय. बहुतेक पॅनेलवर दर पंधरा-तीस मिनिटांनी धन-ऋण बदलतं, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या झिजतात आणि ऋण बाजूचा पांढरा थर आपोआप सुटतो. टायमर किंवा काँटॅक्टर (करंट पालटणारा मोठा स्विच) अडकला की हे थांबतं. काँटॅक्टरचा टक् असा आवाज ठरलेल्या वेळी येतो का, तेवढं कान देऊन ऐका. पॅनेल उघडायचं काम तुमचं नाही.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

रेक्टिफायरच्या दारावरचे तीन फेजचे दिवे बघणं एवढंच तुमचं काम. एक दिवा गेलेला असेल तर फेज गेलाय, वायरमनला सांगा. तिन्ही दिवे चालू, पाणी-सांधे-प्लेटा ठीक आणि तरी करंट चढत नसेल, किंवा ब्रेकर पुन्हा पुन्हा पडत असेल, तर आतले डायोड, थायरिस्टर, कार्ड बघायला रेक्टिफायरचाच माणूस लागतो. मेन बंद केल्यावरही आतले कपॅसिटर चार्ज धरून असतात.

ईसीवरचं हुड किंवा एक्झॉस्ट फॅन बंद असेल तर युनिट लगेच बंद करा. २५० अँपिअरवर तासाला शंभर लिटरच्या वर हायड्रोजन निघतो, आणि हवेत ४ टक्के झाला की ठिणगी पुरते. दारं-खिडक्या बंद करून, पाऊस आत येतो म्हणून फॅनच्या तोंडाला प्लास्टिक बांधलेलं मी स्वतः सोडवलंय.

गाळ काढायला इक्वलायझेशन टँकमध्ये माणूस उतरवू नका. पाच मिनिटांसाठी नाही, नाकाला फडकं बांधून नाही. आत कुजलेल्या गाळाचा वायू असतो. त्याला यंत्र आणि प्रशिक्षित माणसं लागतात. निघालेला स्लज रासायनिक गाळ म्हणून धोकादायक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत येतो, तो अधिकृत ठिकाणीच जायला हवा, मागच्या शेतात नाही.

रंग कटला पण प्रयोगशाळेच्या अहवालात सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) जास्त आला, किंवा रंगवाल्याने नवा मेटल कॉम्प्लेक्स रंग (ज्यात धातू असतो) आणला, तर हे फिटरचं काम नाही. ईटीपीचं डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरला दाखवा. तोवर बाहेरचा व्हॉल्व्ह बंद, पाणी परत इक्वलायझेशनला, आणि बॅच थांबवा. ओढ्यात रंग दिसल्यावर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला उत्तर देण्यापेक्षा दोन दिवसांचं काम बुडालेलं परवडतं.

आणि मला किंवा कुणालाही फोन करायच्या आधी सात आकडे लिहून ठेवा: आत-बाहेरचा पीएच, आतला टीडीएस, वीस लिटरची बादली भरायला लागलेले सेकंद, व्होल्ट, अँपिअर, आणि सर्वांत पातळ प्लेटेची जाडी. पन्हळीचा एक फोटोही पाठवा.